बेरीज तेवढी खरी

चार वाजून एक मिनिटानं बाबांचा फोन आला, बाबांनी सहा आकडे सांगितले, तो म्हणाला, "झालं बाबा, गेलो आत," आणि फोन ठेवता ठेवता त्याची नजर समोरच्या स्क्रीनवर गेली, तर तिथं भलतेच सहा आकडे होते. भलतेच म्हणजे सगळे भलते नव्हते, पाच तेच होते, तिसरा वेगळा होता. स्क्रीनवर चार, एक, सात, तीन, शून्य, नऊ. बाबा म्हणाले होते चार, एक, दोन, तीन, शून्य, नऊ. हा 'दोन' त्याच्या कानात राहिला होता, कारण नेमकं त्याच क्षणी त्याचं दुसरं बिस्कीट चहात तुटून पडलं होतं आणि त्याच्या मनात आलं होतं, गेली, दोन्ही गेली. एरवी बाबा फोनवर काय सांगतात हे तो ऐकत नसे. गेले तीन आठवडे तर मुळीच नाही. आज ते आकडे समोर असण्याचंही कारण नव्हतं. सकाळी वरून हुकूम आला होता की चाचणीसाठी वापरलेले सगळे फोन नंबर शोधून काढून टाका, म्हणून तो यादी उघडून बसला होता आणि यादीच्या तळाशी, कुणालाच माहीत नसलेल्या कोपऱ्यात, बाबांचा नंबर होता आणि त्याच्यापुढे आज गेलेले सहा आकडे. सहा आणि नऊ असते तर बाबांनी फोन उलटा धरला असेल असं म्हणता आलं असतं. तीन आणि आठ असते तर चष्म्यावर ढकलता आलं असतं. सात आणि दोन यांचं एकमेकांशी काही नातं नाही. चहातलं बिस्कीट तळाशी जाऊन चिखल झालं होतं. त्यानं चमचा शोधला, सापडला नाही, मग तो नुसताच कपात बघत बसला. बहात्तराव्या वर्षी माणूस सातला दोन म्हणायला लागतो तेव्हा ते नक्की कुठून सुरू झालेलं असतं, हे त्याला आठवायचं होतं. पण आठवायला आधी ऐकलेलं असावं लागतं.

तो लॉगिन करायचा. म्हणजे हेच त्याचं काम होतं, अकरा वर्षं. कुठलीही वेबसाइट असो, आत काय आहे ते इतरांनी बघावं, दार त्यानं बसवायचं. नाव विचारायचं, पासवर्ड विचारायचा, मग तेवढ्यावर विश्वास न ठेवता फोनवर ओटीपी पाठवायचा आणि सहा आकडे परत आले की बाजूला व्हायचं. काय काम करतोस असं कुणी विचारलं तर तो 'दारं बसवतो' म्हणायचा. ऐकणाऱ्याला तो सुतार वाटायचा आणि तो ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचा नाही, कारण सुताराशी लोक जास्त आदरानं बोलत. एकदा त्याच्या घरमालकानं त्याला न उघडणारं कपाट दाखवलं होतं. त्यानं अर्धा तास बिजागरीकडे बघितलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, बंद करून परत उघडून बघा. ते उघडलं होतं. सध्याचं दार कुंड्यांचं होतं. एक कंपनी ऑफिसांना कुंड्या भाड्यानं द्यायची, तिची माणसं येऊन पाणी घालून जायची, आणि आपल्या रोपाला आज पाणी मिळालं का, हे गिऱ्हाइकाला घरबसल्या बघता यावं म्हणून वेबसाइट होती. ते बघायला पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक विचित्र चिन्ह लागायचं, वर ओटीपी, आणि तीनदा चुकलं की पंधरा मिनिटं कुलूप. एवढं कशाला, असं त्यानं पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. त्याच्या ऑफिसचा साहेब, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत आणि जो पाण्याला घाबरायचा, गंभीर होऊन म्हणाला होता, "उद्या कुणी दुसऱ्याच्या रोपाची माहिती काढली तर?" यावर टेबलाच्या टोकाला बसलेली शंका म्हणाली होती, "तर त्याला कळेल की पाणी घातलंय." शंका हे तिचं नाव नव्हतं. ती इतरांनी केलेल्या कामात चुका शोधायची, त्यासाठीच तिला ठेवली होती, आणि तिनं 'मला एक शंका आहे' म्हटलं की तीन माणसांचा आठवडा फुकट जायचा.

बाबांचा नंबर यात आला तो सोयीपोटी. दार बसवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी ठोकून बघावं लागतं. त्याचा स्वतःचा नंबर व्यवस्थापक म्हणून आधीच नोंदलेला होता, आणि एका नंबरावर दोन खाती उघडता येऊ नयेत हा नियम त्यानंच केलेला होता, त्यामुळे तो स्वतःच्याच नियमानं बाहेर राहिला होता. गिऱ्हाईक म्हणून आत जायला दुसरा फोन हवा होता. ऑफिसचा चाचणीचा फोन कुणीतरी घरी नेला होता आणि तो नेणाऱ्यानं नोकरीच सोडली होती. तेव्हा बाबा निवृत्तीनंतरचं अर्धवेळ कामही सोडून घरी बसले होते. त्यानं फोन करून सांगितलं, तुमच्या फोनवर सहा आकडी मेसेज येईल, तो मला लगेच वाचून दाखवा, दोन मिनिटांत, नंतर तो मरतो. बाबांनी विचारलं, "मरतो म्हणजे?" तो म्हणाला, "चालत नाही." बाबा म्हणाले, "मग चालत नाही म्हण." त्याच्या हिशेबात हे काम एका दुपारचं होतं. ते सात महिने चाललं.

त्याआधी बापलेकांचं बोलणं म्हणजे आठवड्यातून एकदा, जेवलास का, हो, तुम्ही, हो, आईला देतो. दोघांनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं. निदान कुणी तक्रार केली नव्हती. आणि आता दिवसाला आठ-दहा वेळा. मेसेज गेला की वीस सेकंदांत बाबांचा फोन यायचा, 'हॅलो' नाही, 'कोण' नाही, एकदम "लिहून घे." मग एकेक आकडा, मध्ये श्वासभर जागा सोडून, जणू प्रत्येक आकडा उचलून तागडीत ठेवतायत. आणि शेवटी बेरीज. "बेरीज तेवीस." पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "बेरीज नकोय बाबा." बाबा म्हणाले होते, "तुला नको असेल. आकड्याला लागते. ऐकताना चूक झाली तर बेरजेत पकडली जाते." बाबा वजनमापं तपासनीस होते. तीस वर्षं दुकानादुकानातून काटे तपासत हिंडले. खात्यानं दिलेली पितळी वजनं पेटीत असायची, पण त्यांचा खरा भरवसा एका कापडी पिशवीवर होता. बरोबर एक किलो वाळू, तोंड शिवलेलं. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, 'हे जरा जोखून सांगता का' म्हणून पिशवी पुढे करायची आणि मग काट्याकडे बघायचंच नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं. घरी ती पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे आणि तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. तरी आई वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दुपारी ती दाराला लावून ठेवायची आणि पिशवीच्या एका कोपऱ्यातून वाळू कणाकणानं गळायची. एका वर्षी बाबांनी ओळीनं चार दुकानदारांना काटा जड नाही, हलका आहे म्हणून नोटीस दिली होती. गिऱ्हाइकाला जास्त माल देणारे चार दुकानदार एका गल्लीत सापडल्यावर त्यांना संशय आला आणि पिशवी जोखली गेली. आईनं तेव्हा कबुली दिली नाही. अजूनही दिलेली नाही.

ते सगळं बंद झालं शंकेच्या एका शंकेमुळे. ती म्हणाली, "अरे, तू अजून खऱ्या फोनवर ओटीपी मागवतोस? आणि वाचतं कोण?" तो म्हणाला, "आहे एक माणूस." ती म्हणाली, "पगारी?" तो म्हणाला, "नाही." तिनं एका दुपारात अशी सोय करून दिली की चाचणीचे आकडे थेट स्क्रीनवर एका चौकटीत दिसावेत. सुटसुटीत झालं. अकरा वर्षांत आपल्याला हे सुचलं कसं नाही, याची त्याला थोडी लाजही वाटली. बाबांना तो काही बोलला नाही. सांगण्यासारखं काय होतं, मेसेज येणार नाहीत, एवढंच. दोन दिवस मेसेज गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तिच्या नेहमीच्या, शेजारच्या खोलीतून चोरून बोलल्यासारख्या आवाजात. "काय रे, तुझं ते बंद पडलं का?" "का गं?" "हे सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात फोन समोर घेऊन. दोन दिवस झाले. काल दुपारी मी म्हटलं आडवे व्हा, तर म्हणाले, ड्यूटीवर आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "तू काही बोलू नकोस हं त्यांना. वाईट वाटेल." त्यानं त्या दिवशी अकरा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. रोज चार वाजता बाबांच्या नंबरावर सहा आकडे पाठवायचे, बस. ते कशालाच लागत नव्हते, कुठलंच दार त्यांच्यामागे नव्हतं. वेळेत थोडा मागेपुढे फरक ठेवावा, माणसानं केल्यासारखं दिसेल, असं त्याच्या मनात आलं होतं. त्याला आणखी तीन ओळी लागल्या असत्या आणि तो दमला होता. कशानं दमला होता हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दिवसभर तो खुर्चीत बसून लोकांना 'तुम्ही नक्की तुम्हीच ना' असं विचारायची व्यवस्था करत होता. संध्याकाळी अंग दुखायचं, ओझी वाहिल्यासारखं. तेव्हापासून रोज चार वाजता फोन वाजायचा आणि तो दुसरं काहीतरी करत म्हणायचा, "झालं बाबा, गेलो आत." बाबा म्हणायचे, "बरं," आणि ठेवायचे.

आता कॅप्टन त्याच्या मागे येऊन उभा राहिला. "यादी झाली? उद्या सकाळी साइट चालू होते. चाचणीचा एकही नंबर आत राहता कामा नये. एकही." तो म्हणाला, "एकच राहिलाय." "कुणाचा?" त्याला 'बाबांचा' म्हणवेना. तो म्हणाला, "एका जुन्या माणसाचा." कॅप्टन म्हणाला, "जुना आहे तर आधी काढ," आणि दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यानं ओळ निवडली. 'नक्की काढायचं का?' असं स्क्रीननं विचारलं. हा प्रश्नही त्यानंच लिहिलेला होता, काही वर्षांपूर्वी, आणि त्यात 'नक्की' हा शब्द घालावा की नाही यावर तेव्हा एक बैठक झाली होती. त्यानं काढायचं म्हटलं. नंबर गेला, त्याच्याबरोबर प्रोग्रॅमच्या अकरा ओळीही गेल्या. शेजारच्या कुंडीतल्या रोपाकडे त्याचं लक्ष गेलं. ही कुंडी कंपनीनं नमुना म्हणून पाठवली होती, 'रोप क्रमांक एक', आणि नमुन्याला पाणी घालायचं कुणाच्याच कामात बसत नसल्यामुळे ते दोन महिन्यांपूर्वी वाळून गेलं होतं. यादीत मात्र त्याच्यापुढे हिरवी खूण होती. "मला एक शंका आहे," पलीकडून आवाज आला. "तू घरी का जात नाहीस? तोंड बघ तुझं." तो म्हणाला, "आकडा चुकला." ती म्हणाली, "कुणाचा?" तो उठला आणि निघाला.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली आणि तो खिडकीतून काहीही न बघता बसला. आईबाबांकडे जायला एक तास लागायचा आणि एका तासाचं अंतर असलं की जाणं होत नाही; सहा तासांचं असतं तर ठरवून गेला असता. कितीतरी दिवसांत गेला नव्हता. रोज फोनवर बोलणं होतंच की, असं तो मनाशी म्हणायचा, आणि ते खरंही होतं. डॉक्टरला काय विचारायचं असतं अशा वेळी, याची तो मनात उजळणी करायला लागला. काल सांगितलेलं आठवतं का, वार सांगता येतो का, शंभरातून सात वजा करत जाता येतं का. हे तर त्याच्या कामासारखंच होतं, तुम्ही तुम्हीच ना, सिद्ध करा. शंभरातून सात, त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. मग त्याला एकदम उत्तर येईना. दमल्यामुळे, त्यानं स्वतःला सांगितलं. शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरची पिशवी सावरली आणि तो आपलं थांबायचं ठिकाण ओलांडून एक थांबा पुढे गेला.

आईनं दार उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू? आज? कुणी गेलं का?" "नाही गं. सहज." "सहज," आई म्हणाली, जणू त्यानं परदेशी शब्द वापरला होता. "ये. हे कचरा टाकायला खाली गेलेत. म्हणजे अर्धा तास. कचरा टाकून झाला की तिथं उभे राहून इतरांचा बघतात." तो आत आला. दारामागच्या खिळ्याला पिशवी अजून होती, कोपऱ्यावर दुसऱ्या रंगाचं ठिगळ. टेबलावर बाबांचा चष्म्याचा डबा, पेन, आणि एक लांबट वही, पुठ्ठ्याची, खात्यातून निवृत्तीच्या वेळी उचलून आणलेल्या कोऱ्या वह्यांपैकी. आई चहा टाकायला गेली. त्यानं वही उघडली. सात महिने होते त्यात, ओळीनं. तारीख, वेळ, आलेला आकडा, बेरीज, शेरा. शेऱ्यात सगळीकडे एकच शब्द, 'झालं', मधूनच 'परत मागितला', 'उशीर, २ मि.', एका ठिकाणी 'आवाज बसलाय. सर्दी.' ती सर्दी त्याला आठवत नव्हती. पानं उलटता उलटता तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आली. ४.००. दुसऱ्या दिवशी ४.००. तिसऱ्या दिवशी ४.०० आणि पुढे, 'माणूस इतका वेळेवर नसतो. हा तर नाहीच.' चौथ्या दिवशी, 'रविवार. ऑफिस बंद. तरी ४.००. झालं म्हणाला.' त्या रविवारी तो कपडे वाळत घालत होता, फोन खांद्यात धरून. पाचव्या दिवसापासून एक नवा रकाना आखलेला होता, पट्टी लावून, सरळ. डावीकडे 'आलेला', उजवीकडे 'सांगितलेला'.

आलेला आठ, शून्य, पाच, दोन, दोन, सहा. सांगितलेला आठ, शून्य, पाच, दोन, दोन, एक. बेरीज सांगितली तेवीस. झालं. दुसऱ्या दिवशी दोन आकडे बदललेले. झालं. मग तीन. झालं. बेरीज प्रत्येक वेळी खऱ्या आकड्याची. एका दिवशी सहाऐवजी सात आकडे सांगितलेले होते आणि शेरा होता, 'मोजलेही नाहीत'. एका दिवशी सांगितलेला आकडा एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बेरीज तीस. झालं. हे वाचून त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण खालची ओळ दिसली. आलेला कसलातरी. सांगितलेला एक, सहा, शून्य, एक, शून्य, शून्य. शेरा: 'डॉक्टरनी सकाळी प्रेशर पाहिलं, १६०/१००. तोच आकडा सांगितला. झालं बाबा, गेलो आत, म्हणाला.' खाली दुसऱ्या दिवसाची ओळ होती, त्याखाली तिसऱ्या, अक्षर कुठंही हललेलं नव्हतं. आजची सगळ्यात शेवटी. सातच्या जागी दोन. काटा तपासून झाल्यावर बाबा घरी येऊन कधी चिडायचे नाहीत, हे त्याला आठवलं. दुकानदार खोटा निघाला तरी नाही. फक्त लिहायचे. लहानपणी त्याला वाटायचं, लिहिलं की बाबांना वाईट वाटायचं थांबत असेल.

आई चहा घेऊन आली आणि वहीकडे बघून तिनं कप जरा लांब ठेवला. "वाचलंस." "तुला माहीत होतं?" "मला सगळंच माहीत असतं, मला कोण विचारतं. मी यांना म्हटलं, सरळ सांगा त्याला की पाठवू नको. तर म्हणाले, राहू दे, त्याला वाईट वाटेल." "मलाही तू तेच म्हणालीस." "मग काय वेगळं म्हणू? दोघांचं एकच." ती खुर्चीत बसली आणि तिनं पदरानं नसलेली धूळ पुसली. "आणि प्रेशर?" त्यानं विचारलं. "गोळ्या चालू आहेत. मी सांगणार होते तुला. म्हणाले, मी सांगितलंय." दारात किल्लीचा आवाज झाला.

बाबांनी त्याला बघितलं, चपला काढल्या, हात धुतले, पुसले, आणि मग म्हणाले, "तू आलास." इस्त्रीचा शर्ट होता अंगात. तो म्हणाला, "हो." "जेवलास?" "नाही अजून." बाबांनी उघडी वही बघितली आणि तिच्यावरचा कप उचलून बाजूला ठेवला, आईनं लांब ठेवलेला तो त्यानंच परत वहीवर ठेवला होता. पानावर गोल उमटला होता. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानं विचारलं. खरं तर वहीत लिहिलेलंच होतं. बाबा म्हणाले, "काट्याकडे न बघता 'बरोबर आहे' म्हणणारा माणूस आवाजावरून कळतो. तीस वर्षं तेच ऐकलं." "मग बेरीज का खरी सांगत होतात?" "तपासनिसानं पूर्ण खोटं बोलायचं नसतं. समोरच्याला पकडायची संधी ठेवायची." हे सगळं ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते, नवीन आलेल्या कारकुनाला काम समजावून सांगावं तसं बोलत होते. त्याला विचारायचं होतं की मग फोन का करत राहिलात, रोज, चार वाजता, पण ते विचारलं तर बाबाही विचारतील की तू का पाठवत राहिलास, आणि दोघांना उत्तर द्यावं लागेल. त्याऐवजी तो म्हणाला, "ते आज बंद केलं मी. साइट उद्या चालू होतेय. चाचणीचे नंबर ठेवता येत नाहीत." बाबा म्हणाले, "बरं." त्यांनी डब्यातून चष्मा काढला, आजच्या ओळीखाली पट्टी लावून एक रेघ मारली, मग तिच्याखाली आणखी एक. तपासणी संपली की अशा दोन रेघा मारतात. मग वही मिटून तिला नाडी बांधली, आणि गाठ घट्ट बसली का ते ओढून बघितलं. "जेवून जा," ते म्हणाले. जेवताना तीनदा त्यानं प्रेशरबद्दल विचारायला तोंड उघडलं आणि तीनदा त्यात घास घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट चालू झाली. कॅप्टननं छोटंसं भाषण केलं, त्यात 'प्रवास' हा शब्द चारदा आला. दुपारपर्यंत एकोणतीस लोकांनी आत येऊन आपल्या रोपाला पाणी मिळाल्याची खात्री केली, सहा जणांना कुलूप लागलं, आणि एकानं फोन करून विचारलं की माझं रोप प्लास्टिकचं आहे, त्याला रोज पाणी घातल्याची नोंद कशी होतेय. शंका ते ऐकून वर्षभरात पहिल्यांदा समाधानी दिसली. चार वाजले. फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. तरी त्याचा हात फोनवर जाऊन बसला होता, आणि चार वाजून दोन मिनिटांनी तोंडानं आपोआप, हळू आवाजात, "झालं बाबा," म्हटलं. शंकेनं मान वर केली आणि परत कामाला लागली. तो त्या वाळलेल्या रोपाकडे बघत राहिला. रोप क्रमांक एकला गिऱ्हाईक नव्हतं. साइटच्या नियमाप्रमाणे प्रत्येक रोपाला एक गिऱ्हाईक असलंच पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात ते यादीतून आपोआप गळतं. हा नियमही त्यानंच बसवलेला होता. त्यानं रोपाचा अर्ज उघडला. गिऱ्हाइकाचं नाव, बाबांचं. फोन, बाबांचा. नातं विचारलेलं नव्हतं. रोपाची स्थिती या रकान्यात त्यानं खरं ते लिहिलं. मग बाहेर येऊन, कुठल्याही परक्या माणसासारखं दारात उभं राहून, त्यानं बाबांचा नंबर एकेक आकडा दाबून लिहिला. आपण यंत्र नाही अशी खूण करायला सांगितलं होतं, ती केली. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. त्यानं बटण दाबलं.

बावीस सेकंद काही झालं नाही. चाळीस सेकंद झाले. मग फोन वाजला. मागे आईचा आवाज होता, "अहो, वहीची नाडी सुरीनं कापू नका." बाबा म्हणाले, "लिहून घे." तो म्हणाला, "सांगा." "तीन. शून्य. आठ. आठ. एक. पाच." मध्ये श्वासभर जागा. "बेरीज सव्वीस." त्यानं लिहिलं. प्रत्येक आकडा, चौकटीत, एका बोटानं. स्क्रीन लाल झाला. आकडा चुकीचा आहे, दोन प्रयत्न बाकी. त्यानं बेरीज केली, बोटांवर, कारण आता घाई करायची नव्हती. पुन्हा केली.

"चूक आहे, बाबा," तो म्हणाला. "बेरीज पंचवीस होतेय. परत सांगा."

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि मग कागदावर काहीतरी बराच वेळ लिहिलं जात असल्याचा. एका शब्दापेक्षा जास्त होतं. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजत होतं, चौदा, तेरा, बारा. त्यानं ते मोजू दिलं. शून्य झालं आणि स्क्रीननं सांगितलं की मुदत संपली.

"गेला का वेळ?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"मग आता?"

"दुसरा पाठवतो. तोवर डॉक्टरकडचा आकडा सांगा. आजचा."

बाबा खाकरले. "सावकाश सांगतो. लिहून घे."

त्यानं पेन शोधलं. सत्तर माणसांच्या त्या ऑफिसात एक पेन नव्हतं. शंकेनं हात वर करून रिकामे असल्याचं दाखवलं. तेव्हा त्यानं कुंडी जवळ ओढली आणि बोट कोरड्या मातीवर टेकवलं. "सांगा."

"एक. चार. शून्य. मग रेघ. नऊ. शून्य."

मातीत आकडे नीट उमटत नव्हते, चारचा पाय ढासळला, तो त्यानं परत काढला.

"बेरीज?" त्यानं विचारलं.

"चौदा," बाबा म्हणाले.

त्यानं मोजली. जुळत होती.